लेदर म्हटलं की विटाळ फिटतो

लेदर म्हणा, विटाळ फिटतो. कातडं म्हणा, लगेच परत चिकटतो. साला, वस्तू एकच. काचेच्या दाराआड एसीत टांगली की तिला वीस-बावीस हजारांचं तिकीट लागतं. तीच वस्तू ओली असताना ज्याच्या खांद्यावर होती, त्याला गावानं पाणवठ्याला हात लावू दिला नाही. ओल्याचा विटाळ, सुक्याची फॅशन. ओल्या आणि सुक्याच्या मधे काय असतं? माणसं असतात. ओढणारी, सोलणारी, चुन्याच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालणारी, रापीनं कड तासणारी. ही माणसं पुसून टाकली की जे उरतं त्याला लेदर म्हणतात.

मराठी भाषाच बघा ना. कातडं 'कमावतात' म्हणे. पगार कमावतात आणि कातडंही कमावतात. कमावलं कोणी आणि कमाई गेली कोणाच्या घरात, हे विचारलं की त्याला 'चांभारचौकशी' म्हणायचं. शब्दकोशात छापलेला शब्द आहे, मी बनवलेला नाही. 'चांभाराच्या देवाला खेटराची पूजा' ही म्हण आपण शाळेत वाक्यात उपयोग करायला शिकलो. कोणा गुरुजींना त्यात काही खटकलं नाही. उपकार मानायचे तर 'कातड्याचे जोडे करून घालीन' म्हणायचं, धमकी द्यायची तर 'चामडी लोळवीन'. वर्षानुवर्षं हे तोंडात घोळवणारी मंडळी आता ऑफिसात लेदरची बॅग घेऊन जातात.

दोस्तहो, गेल्या डिसेंबरात मी एक काळं जाकीट घेतलं. आपल्या पोरांनी नाकं मुरडण्याआधी सांगतो, मिरवायला हे लिहीत नाही. ते जाकीट घरात रुळवताना जो तमाशा झाला, त्यात आपल्या चळवळीचं एक जुनं दुखणं वर आलं. त्यावर बोलायचंय.

घेतलं धारावीत, मेन रोडच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत. धारावीत टॅनऱ्या आल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. तेव्हा ती जागा शहराबाहेर होती, घाण ठेवायची जागा होती. शहर वाढत तिच्या अंगावर आलं, मग शहराला वास यायला लागला आणि टॅनऱ्या एकेक करून बंद झाल्या, हलल्या. आज तिथं मुख्यतः शिवणकाम चालतं. कमावलेलं कातडं चेन्नईहून, कानपूरहून, कोलकात्याहून येतं. माळ्यावर चार मशीनं, एक ट्यूबलाइट, सोल्युशनचा वास डोक्यात जाणारा. कारागीर पन्नाशीचा. कापडाचं शिवणं वेगळं आणि कातड्याचं वेगळं, हे त्यानं मला हातात तुकडा देऊन दाखवलं. कापडाची शिवण चुकली तर उसवा, परत मारा. कातड्याला सुईनं एकदा भोक पडलं की पडलं, ते बुजत नाही. म्हणजे प्रत्येक टाका पहिल्या वेळीच बरोबर यायला पाहिजे. पाठीला मोठा, बिनडागाचा तुकडा. काखेत आणि बाहीच्या आतल्या बाजूला मऊ तुकडा. जनावराच्या अंगावर काट्यानं ओरखडलेलं, गोचिडीनं चावलेलं सगळं कातड्यावर राहतं. ते कुठं लपवायचं आणि कुठं दाखवायचं, हा सगळा हिशोब त्याच्या डोक्यात. त्याला डिझायनर म्हणत नाहीत. कॉलरच्या आत लेबल लावलं ते इटालियन वाटणाऱ्या नावाचं. मी म्हटलं, दादा, तुमचं नाव लिहा ना अस्तरावर, पेनानं लिहा. हसला. म्हणाला, "माझं नाव लिहिलं तर कोण घेईल, भाऊ?"

आता रुळवण्याचं सांगतो, कारण यावर घरोघरी अडाणीपणा फार आहे.

नवं जाकीट म्हणजे पत्र्याची पेटी. हात वर जात नाही, कोपर वाकत नाही, बसलं की कॉलर हनुवटीला टोचते. नवी चप्पल चावते तसं हे आवळतं. आमच्या गल्लीत सल्ल्यांना तोटा नाही. एक म्हणाला गरम पाण्यात बुचकळ. एक म्हणाला वरनं इस्त्री फिरव. शेजारच्या काकू खोबरेल तेलाची बाटलीच घेऊन आल्या. तिन्ही गोष्टी करू नका. कातडं म्हणजे तंतूंचं जाळं. कमावताना त्या तंतूंना सालीचा नाहीतर क्रोमचा रस पाजून कुजण्यापासून थांबवलेलं असतं. जास्त उष्णता लागली की ते आक्रसतं, कडक होतं, मग तडकतं. खोबरेल आत मुरतं, डाग धरतं, धूळ धरतं आणि काही महिन्यांनी खवट वास मारतं. कोल्हापुरीला एरंडेल चालतं, कारण तिचा तळ जाड असतो आणि सालीवर कमावलेला असतो. जाकिटाचं कातडं पातळ, बहुतेक वेळा क्रोमचं. त्याला दोन-तीन महिन्यांतून एकदा लेदर क्रीम, तेही बोटभर, सुक्या फडक्यानं.

मग रुळतं कशानं? अंगाच्या उबेनं आणि हालचालीनं. कारागिरानं सांगितलं ते एवढंच: घालून कामं कर. रात्री आठला घालायचं, तास-दीड तास. आमच्या खोलीत मी त्याच्यात बसून जेवलो, माळ्यावरचा डबा काढला, पाण्याचा कॅन उचलला, पोराला खांद्यावर घेतलं. हात पुढे बांधून बसायचं, पाठीमागे ताणायचे. चेन अर्धीच लावायची. चेन अडली तर मेणबत्ती घासायची. चारआठ दिवसांत कोपराला घड्या पडतात. त्या घड्या माझ्या कोपराच्या, दुसऱ्याच्या कोपराला बसणार नाहीत. पहिले काही दिवस पांढरा बनियन घालू नका, काळा रंग लागतो. काढल्यावर जाड खांद्याच्या हँगरला लावा. नसेल तर साध्या हँगरला टॉवेल गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडलं की मुंबईच्या दमट हवेत बुरशी आलीच. जुनी सुती चादर वरून टाकायची, बस्स. घाटकोपरात जाकिटाची थंडी जेमतेम पंधरा दिवस. म्हणून डिसेंबरात घ्यायचं. एप्रिलमध्ये रुळवायला जाल तर तुम्हीच शिजाल.

तर मी असा आठ वाजता जाकीट घालून भाकरी खात बसलेलो आणि आजी म्हणाली, "काढ त्ये. मढ्याचा वास यितुय."

ऐंशी पार केलेली बाई, साताऱ्याकडच्या खेड्यातली. तिच्या बापानं गावची ढोरं ओढलेली. मी म्हटलं, आजी, हे नवं हाय, दुकानातलं. तर म्हणते, "दुकानातलं आसूंदे. बाबासायबानं वढायचं सोडाय लावलं, आन तू आंगावर घिऊन बसलास व्हय?"

आजीच्या नाकाला मी खोटं म्हणणार नाही. त्या वासाची किंमत तिनं भरलीय. पण हीच गोष्ट दुसऱ्या दिवशी आपल्या मंडळातल्या शिकलेल्या, बँकेत नोकरी करणाऱ्या एका कार्यकर्त्यानं मला ऐकवली तेव्हा माझी सटकली. म्हणे, "आपल्या लोकांनी चामडं टाळावं. लोकांना जुनी आठवण होते." कुठल्या लोकांना? कसली आठवण? आणि हे बोलताना साहेबांच्या पायात बूट, कमरेला पट्टा, खिशात पाकीट. तिन्ही चामड्याचे.

बाबासाहेबांनी काय सोडायला लावलं ते एकदा नीट वाचा. महाडला मार्च १९२७ च्या परिषदेत सांगितलं ते मेलेली ढोरं ओढू नका, मृतमांस खाऊ नका. कारण ते काम वतनाच्या साखळीत होतं. नाही म्हणायची सोय नव्हती, दाम ठरवायची सोय नव्हती. १९२८ मध्ये त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्याला दुरुस्ती आणली ती त्याचसाठी. प्रत्यक्षात कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं, बाबासाहेब गेल्यावर. ओढणं सोडू नका म्हणून हिशोब मांडणारे तेव्हाही होते: कातडी, शिंगं, हाडं धरून महारांचं वर्षाला पाचशे रुपयांचं उत्पन्न बुडतंय म्हणे. १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी हा किस्सा सांगितला. त्यांच्या उत्तराचा मतलब असा की एवढा नफा असेल तर तुम्हीच घ्या, वर पाचशे मी देतो. एकही माईचा लाल पुढे आला नाही.

म्हणजे झगडा सक्तीशी होता. कातड्याशी नव्हता. बाबासाहेबांच्या फोटोत पायाकडे बघा, बूट आहेत. ते काही पुठ्ठ्याचे नव्हते.

आता ते दुखणं. कारागिरानं माप घेता घेता विचारलं, कुठले तुम्ही? मी म्हटलं घाटकोपर, रमाबाई नगर. त्यानं ओळखलं. म्हणाला, "तुमच्या लोकांनी ओढायचं सोडलं, चांगलं केलं. पण सोडल्यावर आमच्याकडंबी बघायचं सोडलं."

मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचतंय का बघा.

जुन्या गावगाड्यात एका मेलेल्या बैलाभोवती किती जाती उभ्या होत्या? महारानं ओढायचा आणि सोलायचा. ढोरानं चुना आणि साल लावून कातडं कमवायचं. चांभारानं जोडा, मोट, पखाल शिवायची. मांगाच्या हलगीवर तेच कातडं चढायचं. गावोगाव थोडाफार फरक, पण साखळी हीच. आणि गंमत अशी की प्रत्येकानं आपल्या खालच्याकडून नाकाला पदर लावला. कातडं जितकं सुकत गेलं तितकी जात वर सरकली. चांभार ढोराच्या घरी जेवला नाही, महार मांगाच्या घरी जेवला नाही. एकाच जनावराच्या चार कडा धरून उभी राहिलेली माणसं एका पंगतीला बसली नाहीत. ही शिडी बांधणारा वाड्यावर बसून पायात त्याच चामड्याचा जोडा घालत होता. आज आपण म्हणतो आम्ही ओढणं सोडलं, आम्ही बौद्ध, आमचा चामड्याशी संबंध नाही. हे म्हणताना आपण शिडीवरून उतरलो की फक्त एक पायरी वर चढलो? आपल्या किती कार्यक्रमांत धारावीतला चांभार, ढोर व्यासपीठावर असतो? संत रोहिदासांची जयंती ती त्यांची, भीमजयंती ती आपली, असं कोणी वाटून दिलं?

आणि आता जे लिहितो त्यावर मला शिव्या बसतील. बसू द्या.

११ जुलै १९९७. आमच्या रमाबाई नगरात पहाटे बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ दिसली. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला जन्मठेप झाली ती २००९ मध्ये, आणि मग हायकोर्टातून जामीन. हे आपल्या पोरापोराला पाठ आहे. पण एक प्रश्न कोणी विचारत नाही. माळ चपलांचीच का? दगडांची का नाही, खिळ्यांची का नाही? कारण ज्यानं कोणी ती माळ घातली त्याला ठाऊक होतं की या देशात चप्पल दाखवली की वेगळं काही बोलावं लागत नाही. चप्पल म्हणजे चामडं, चामडं म्हणजे मढं, मढं म्हणजे तुम्ही. त्या माळेत सगळी मनुस्मृती ओवलेली होती. आमच्या माणसांना ते लगेच वाचता आलं, म्हणून ती पेटली.

आणि आपण निषेध कसा करतो? जोडे मारो आंदोलन. मंत्र्याचा पुतळा आणायचा, पायातली काढायची, फोटोग्राफर आला की हाणायची. मी घाटकोपर स्टेशनबाहेर असे तीन-चार तरी पाहिलेत. म्हणजे ज्या भाषेत आपल्या बापाला शिवी दिली, त्याच भाषेत आपण उलट शिवी देतो आणि खूश होतो. हाणताना कोणाच्या डोक्यात येतं का की ती चप्पल कोणीतरी बसून शिवलीय? चप्पल मारणं हा अपमान आहे असं मान्य केलं की चप्पल शिवणारा अपमानाचा कारखानदार ठरतो. ही शत्रूची भाषा आहे. ती शत्रूच्याच तोंडात राहू द्या.

१९७२ मध्ये आपल्या आधीच्या पिढीनं ओकलंडच्या काळ्या पोरांकडून पँथर हे नाव घेतलं. १९६६ मध्ये उभ्या राहिलेल्या त्या ब्लॅक पँथरवाल्यांचा गणवेश होता काळी टोपी, निळा शर्ट आणि काळं चामड्याचं जाकीट. नाव आलं, जाहीरनामा आला, जाकीट नाही आलं. पैसे नव्हते हे खरं. उकाडाही खरा. पण माझी शंका अशी की पैसे असते तरी आलं नसतं. त्यांच्या इतिहासात चामड्याला हा वास नव्हता, आमच्या इतिहासात होता. म्हणून माझं म्हणणं आहे की आपल्या पोरानं जाकीट जरूर घालावं, पण त्याला त्याच्या आतलं सगळं माहीत पाहिजे.

माहीत काय पाहिजे? ११ जुलै २०१६, पुन्हा तीच तारीख. गुजरातमधल्या उना तालुक्यात मोटा समढियाळा गावी मेलेली गाय सोलणाऱ्या आपल्या पोरांना गोरक्षकांनी झोडपलं, गाडीला बांधून उन्यात आणून परत झोडपलं, वर व्हिडिओ काढला. मग सुरेंद्रनगरला लोकांनी मेलेली जनावरं आणून कलेक्टर कचेरीसमोर टाकली. उचला म्हणाले, तुमची आई आहे ना. मोर्चा निघाला तेव्हा घोषणा होती की गाईचं शेपूट तुम्ही ठेवा, आम्हाला आमची जमीन द्या. ओढायला लावणारेही तेच आणि ओढलं म्हणून मारणारेही तेच. आपल्याकडे २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल-वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. कातडं महागलं, धारावीपासून कोल्हापूरपर्यंत कारागीर बोंबलले. कायदा करणाऱ्यांच्या गाडीतली लेदरची सीट मात्र कोणी काढली नाही. आमच्या घाटकोपरातही शाकाहारी सोसायट्या आहेत. मटणाच्या वासावरून भाडेकरू नाकारतात, आणि सोफा लेदरचा. सोफा बहुतेक झाडाला लागतो!

आणि जून २०२५. मिलानमध्ये प्राडा नावाच्या कंपनीच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल पायात घालून पोरं चालली. कोल्हापूरचं नाव नाही, कारागिराचं तर नाहीच. इकडे बोंबाबोंब झाली, मग कंपनीनं कबूल केलं, डिसेंबरात आपल्या संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाशी आणि कर्नाटकच्या महामंडळाशी करार केला. चांगलं झालं. पण त्या बोंबाबोंबीत 'आमचा वारसा, आमची अस्मिता' म्हणून कोण ओरडत होतं ते आठवा. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय मिळाला, चार जिल्हे महाराष्ट्राचे, चार कर्नाटकाचे. वारसा आठ जिल्ह्यांचा. आणि शिवायला एकाच जातीची पोरं, ती पोरं आता शिवायला तयार नाहीत. का तयार नाहीत, ही चांभारचौकशी वारसावाल्यांनी करावी.

धारावीचा पुनर्विकास अदानी समूहाकडे गेला, २०२२ मध्ये बोली लागली. आमचं रमाबाई नगर एमएमआरडीए आणि झोपू प्राधिकरण मिळून पाडतंय, आम्ही आज भाड्याच्या खोलीत आहोत. पात्र-अपात्रची यादी त्यांच्याकडे, तशीच आमच्याकडे. फरक एवढाच की आमच्याकडं नुसतं घर जातंय, त्यांचं घर आणि मशीन दोन्ही जातंय. माळ्यावरच्या चार मशिनांना कुठल्या मजल्यावर जागा देणार? सोल्युशनचा वास कुठली सोसायटी सहन करणार? त्यांच्या मोर्चात आपला झेंडा दिसला पाहिजे. नुसतं पत्रक नको, माणसं पाहिजेत.

म्हणून माझी मंडळापुढं मागणी आहे, लेखी आहे, बैठकीत वाचून दाखवा. एक, यापुढं आपल्या नावानं जोडे मारो होणार नाही. दोन, येत्या ११ जुलैला पुतळ्यापाशी अभिवादनाला धारावीतल्या चांभार-ढोर कारागिरांना बोलवायचं आणि पहिलं भाषण त्यांनी करायचं, आपल्या पुढाऱ्यांनी खाली बसायचं. पुतळ्याला मारायचं कशानं, असं विचारणारे उठतीलच. मंत्र्याच्या फायलीत तुमच्या घराचा कागद अडकलाय, ती फाईल मागा आधी.

आजी अजून जाकिटाला हात लावत नाही. ते खुंटीवर असेपर्यंत त्या भिंतीकडं पाठ करून बसते. परवा तिला सांगितलं, धारावीच्या त्या माणसाला जेवायला बोलावणार आहे, चांभाराचा आहे. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "भाकरी मी करीन."

बोलावलंय ११ तारखेलाच, अभिवादन झाल्यावर. जाकीट त्या दिवशी घरीच राहील. जुलैच्या पावसात चामडं भिजवायचं नसतं.